ताळा

'कव्हर' हा शब्द माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आला तो जून महिन्यात. शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी आई खाकी कागदाचे ताव, खळ आणि कात्री घेऊन बसायची आणि माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायची. आई स्वतः शाळेत गणिताच्या बाई. त्यामुळे कव्हराचा कोपरा म्हणजे काटकोनच! कव्हर घातलेलं पुस्तक इतकं सुरेख दिसायचं की ते उघडावंसंच वाटू नये, आणि मी बहुधा उघडतही नसे. पुस्तकाला कव्हर असणं आणि पुस्तक वाचलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान मला दर एप्रिलमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये, नव्यानं होत असे.

दुसऱ्यांदा तो शब्द कॉलेजात भेटला. "पोर्शन कव्हर झाला का रे?" असं एकमेकांना विचारत आम्ही कॅन्टीनमध्ये बसायचो. झालेला असायचा. प्राध्यापकांचा.

आणि तिसऱ्यांदा हा शब्द आला तो नोकरीत. तिथं त्याचं नाव 'कोड कव्हरेज'. वाचकहो, हा लेख त्या तिसऱ्या कव्हराबद्दल आहे. पण तिन्ही कव्हरं एकाच खाकी कागदाची आहेत हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि माझ्या आईला चौदा हजार रुपयांचा फटका बसावा लागला.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. 'म्हणजे नक्की काय करतोस?' या प्रश्नाला मी गेली पंचवीस वर्षं निरनिराळी उत्तरं देत आलो आहे. बायकोच्या माहेरी मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर भागतं. जणू काही मी आत बसलेलो असतो आणि बटण दाबलं की खिडकीतून डोकावतो. प्रत्यक्षात आम्ही पतसंस्थांसाठी प्रोग्रॅम लिहितो. ठेवी, कर्जं, व्याज, पावत्या. प्रोग्रॅम लिहिला की तो तपासण्यासाठी दुसरा छोटा प्रोग्रॅम लिहायचा, त्याला टेस्ट म्हणायचं. आणि त्या टेस्टांनी मूळ प्रोग्रॅम पुरेसा तपासला की नाही, हे तपासायला तिसरा प्रोग्रॅम असतो. तो टेस्ट चालू असताना पाळतीवर बसतो. जी ओळ चालली ती हिरवी रंगवतो, जिच्याकडे कोणी फिरकलं नाही ती लाल. शेवटी शंभरातल्या किती ओळी हिरव्या त्याचा आकडा सांगतो. तो आकडा म्हणजे कव्हरेज.

कल्पना तशी जुनी आहे. मिलर आणि मॅलोनी या दोघांनी १९६३ सालीच यावर लिहून ठेवलं आहे. आणि कल्पना चांगलीही आहे, हे मी शपथेवर सांगतो. लाल ओळ कधी खोटं बोलत नाही. 'माझ्याकडे कोणीच आलं नाही हो' असं ती म्हणते तेव्हा खरोखरच कोणी गेलेलं नसतं. गडबड आहे ती हिरव्या ओळीत. हिरवी ओळ एवढंच म्हणते, 'येऊन गेले.' काय विचारलं, काय पाहिलं, चहा घेतला की दारातूनच 'बरं आहे ना?' करून गेले, यातलं ती काही सांगत नाही.

तर झालं काय, २०२३ च्या दिवाळीनंतर आमच्या साहेबांनी फर्मान काढलं. (साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, पण साहेबपणाचा वयाशी संबंध नसतो, खुर्चीच्या पाठीच्या उंचीशी असतो.) फर्मान असं : मार्चअखेर कव्हरेज ऐंशी टक्के झालं पाहिजे. त्या दिवशी ते होतं त्रेचाळीस.

मार्चअखेर या शब्दात काय जादू आहे कोण जाणे! वर्षभर न खणलेले रस्ते मार्चमध्ये खणले जातात, वर्षभर न हललेल्या फायली मार्चमध्ये धावतात. आम्हीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ 'कव्हरेज कसं वाढवावं' यावरच्या बैठकांत घालवला, आणि मार्चच्या शेवटच्या नऊ दिवसांत ते प्रत्यक्ष वाढवलं.

कसं वाढवलं ते सांगायला लाज वाटते, पण विनोदी लेखकाला लाज परवडत नाही. टेस्टमध्ये खरं म्हणजे दोन गोष्टी असायला हव्यात. एक, प्रोग्रॅमला कामाला लावायचं. आणि दोन, त्यानं दिलेलं उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहायचं. आता, ओळ हिरवी होते ती पहिल्या गोष्टीनं. दुसरीला वेळ लागतो, डोकं लागतं आणि रंग चढत नाही. तेव्हा आम्ही दुसरी गोष्ट गाळली. प्रोग्रॅमला हाका मारत सुटलो : व्याज काढ, पावती छाप, ठेव मोड. तो बिचारा सगळं करत होता आणि आम्ही उत्तराकडे पाठ करून उभे! अगदीच कुणी विचारलं तर असावी म्हणून प्रत्येक टेस्टच्या शेवटी एक तपासणी टाकली : 'खरं हे खरं आहे काय?' संगणक दर वेळी प्रामाणिकपणे सांगायचा, 'आहे.'

जे भाग फारच किचकट होते ते आम्ही हिशेबातूनच वगळले. तशी सोय असते. एकतीस मार्चला संध्याकाळी आकडा आला चौऱ्याऐंशी. साहेबांनी बटाटेवडे मागवले. मीही दोन खाल्ले.

आता प्रसंग साताऱ्याचा. आई तिथं एकटी राहते. पुण्याला ये म्हटलं की म्हणते, "तुझ्याकडं येऊन काय करू? तुम्ही सगळे भिंतीकडं तोंड करून बसता." साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत आमच्याच कंपनीचा प्रोग्रॅम बसवलेला. म्हणून मीच मोठ्या दिमाखानं तिला २०२३ च्या जुलैत तिथं दोन लाखांची ठेव ठेवायला लावली होती. "आई, तिथला हिशेब मी लिहिलाय," असं काउंटरवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालोही होतो.

ठेव दोन वर्षांची. पण २०२४ च्या जुलैत आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. मी पैसे पाठवतो म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. "माझा डोळा, माझे पैसे," म्हणाली आणि ठेव मोडून आली. त्याच रात्री फोन.

"अरे, तुझ्या कॉम्प्युटरला व्याज येतं का?"

"म्हणजे?"

"मला दोन लाख एक हजार मिळाले. वर्षाचा दर आठ टक्के. मुदतीआधी मोडली म्हणून एक वजा, सात. ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा अधिक, साडेसात. दोन लाखांवर पंधरा हजार होतात. यानं एक हजार दिले."

"आई, तुझ्या डोळ्याला नीट दिसत नाही. पावती परत वाच."

"डोळा एक गेलाय. गणित दोन्ही डोळ्यांनी करत नाहीत," आई म्हणाली. "आणि मी ताळा केलाय. एक हजार म्हणजे अर्धा टक्का. तुझा कॉम्प्युटर अर्धा टक्का अधिक करायच्या ऐवजी नुसता अर्धाच टक्का धरतोय. बघ."

मी हसलो. लॅपटॉप उघडून बघितलं आणि हसू जिथल्या तिथं थांबलं. ज्येष्ठ नागरिक मुदतीआधी ठेव मोडत असेल तर 'दरात अर्धा मिळव' असं लिहायचं होतं. लिहिलं होतं, 'दर अर्धा कर.' एक अधिक चिन्ह राहिलं होतं. ती ओळ मार्चमध्ये मीच लिहिलेली. तिची टेस्टही मीच लिहिलेली. चोर मीच आणि कोतवालही मीच! आणि ती ओळ, वाचकहो, हिरवीगार होती. श्रावणातल्या सह्याद्रीसारखी हिरवी.

"सापडलं?" आईनं विचारलं.

"सापडलं."

"तपासलं नव्हतंस का रे?"

शाळेत असताना हा प्रश्न मी याच आवाजात इतक्या वेळा ऐकला होता की पन्नाशीतही माझा हात आपोआप पाठीमागे गेला. "तपासलं होतं की," मी म्हटलं. "ती ओळ हिरवी आहे."

"आपल्याकडं हिरवं म्हणजे कच्चं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. रात्रभर मनात एक सोपा मार्ग घोळत होता : अधिक चिन्ह गुपचूप घालावं, पतसंस्थेला 'किरकोळ सुधारणा' म्हणून कळवावं, विषय संपवावा. पण आईच्या आधी किती जणांनी अशी ठेव मोडली असेल? ते काढलं. एप्रिलपासून अकरा जण. सगळे साठीच्या पुढचे. त्यातल्या नऊ जणांनी तक्रारच केली नव्हती. पावती छापील होती ना! हातानं लिहिलेली असती तर त्यांनी चारदा विचारलं असतं. छापलेल्या आकड्याशी भांडायची आपल्या माणसांना सवय नाही. त्या नऊ गप्प राहिलेल्या माणसांनी मला साहेबांच्या केबिनमध्ये ढकललं.

साहेबांनी ओळ पाहिली. "पण ही तर कव्हर्ड आहे!" ते म्हणाले. मी वडे खाल्ल्यापासूनची सगळी हकीगत सांगितली. त्यांचा चेहरा हिरव्याकडून लाल होत गेला.

बारा जणांचे पैसे त्या आठवड्यात पोचते झाले. मग आम्ही त्या 'खरं हे खरं आहे काय' छापाच्या टेस्ट काढून टाकल्या. आकडा चौऱ्याऐंशीवरून एकावन्नावर आला. त्या वर्षी माझी पगारवाढ अर्धा टक्का झाली. इथंही कुणाचं तरी अधिक चिन्ह राहिलं असावं, अशी मला अजून शंका आहे.

ऑपरेशनसाठी आई पुण्याला आली. डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी. तेव्हा वेळ घालवायला तिनं माझा धंदाच शिकून घ्यायचं ठरवलं. मी तिला कव्हरेज समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पोर्शन."

"काय?"

"आमच्या शाळेत एक गुरुजी होते. त्यांचा पोर्शन दिवाळीच्या आत पुरा. धडा उघडायचा, मोठ्यानं वाचायचा, मिटायचा. एक पान सुटायचं नाही. मुलं मात्र सगळी नापास. तपासणीला साहेब आले की गुरुजी लॉगबुक पुढं करायचे. आणि जी मुलं अगदीच ढ, त्यांना त्या दिवशी सुट्टी."

हिशेबातून वगळलेल्या आमच्या किचकट फायली माझ्या डोळ्यांपुढे रांगेनं उभ्या राहिल्या. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ साली मांडलं की एखाद्या आकड्याच्या जोरावर कारभार हाकायला गेलं की तो आकडा भरवशाचा राहत नाही. हे मी आईला ऐकवलं. "लॉगबुक त्याच्याही आधीपासून आहे," ती म्हणाली.

"पण पेपर तपासताना तू प्रत्येक पान बघायचीसच ना?"

"बघायची तर! कोऱ्या पानावरसुद्धा लाल रेघ मारायची, पान पाहिल्याची खूण म्हणून. पण त्या रेघेला मी कधी मार्क दिले नाहीत."

संबंध कव्हरेजशास्त्र एका वाक्यात! मी वहीत लिहून घेतलं.

मग मी जरा अवघड विषय काढला. म्हटलं, ओळ न् ओळ चालली तरी वाटा सुटू शकतात. तिला झूनची गोष्ट सांगितली. झून हे मायक्रोसॉफ्टचं गाणी ऐकायचं यंत्र. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याच्या तीस जीबीच्या यंत्रांनी एकदम मान टाकली. लीप वर्ष होतं आणि तो वर्षातला तीनशे सहासष्टावा दिवस. तारीख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं : दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फेऱ्या मार, दर फेरीत, वर्ष लीप असेल आणि दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा कर. बरोबर ३६६ असतील तर? त्याबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं. यंत्र बिचारं फेऱ्या मारत बसलं. बॅटरी संपू द्या आणि दुसऱ्या दिवशी लावा, हाच उपाय! दुसरी कुठलीही तारीख घेऊन त्यातली प्रत्येक ओळ हिरवी करता आली असती. पण जी ओळ लिहायचीच राहिली तिला रंग कुठला देणार?

"गैरहजर मुलाला वर्गात शोधून सापडत नाही," आई म्हणाली. "त्याला पटावर शोधावं लागतं."

म्हणून ओळींबरोबर वाटाही मोजतात, मी सांगितलं. 'असेल तर'ची वाट आणि 'नसेल तर'ची वाट, दोन्हींवरून एकदा तरी गेलं पाहिजे. विमानांत तर याहून कडक. जो प्रोग्रॅम चुकला तर विमान पडू शकतं, त्यातला निर्णय ज्या ज्या अटींवर अवलंबून आहे, त्यातली प्रत्येक अट एकटीच्या जोरावर निर्णय बदलू शकते, असं टेस्टनं दाखवून द्यावं लागतं.

स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "पडदे निळे घ्यायचे ठरले ना?"

"मला वाटतं पिवळे..." मी म्हटलं.

"निळेच घेते."

आमचं घर विमानाच्या परीक्षेत पास होणार नाही. माझी अट खरी धरा की खोटी, निर्णय जागचा हलत नाही.

शेवटी मी हुकमाचं पान काढलं. म्हटलं, "आई, टेस्टच चांगल्या आहेत की नाहीत, हे बघायची एक युक्ती आहे. मूळ प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक चूक घालायची. अधिकच्या जागी वजा. आणि बघायचं, एखादी टेस्ट ओरडते का. सगळ्या गप्प बसल्या तर समजायचं, पहारेकरी झोपलेत. याला म्यूटेशन टेस्टिंग म्हणतात. रिचर्ड लिप्टन नावाच्या एका विद्यार्थ्यानं १९७१ मध्ये ही कल्पना काढली."

"मी १९६८ पासून करत आले," आई म्हणाली. "दुपारच्या तासाला मुलं पेंगायला लागली की फळ्यावर लिहायची, सात आठे चोपन्न. कुणी ओरडलं नाही तर समजायचं, नुसते डोळे उघडे आहेत."

मी गप्प बसलो. मोतीबिंदू तिच्या डोळ्यात होता, आणि दिसत नव्हतं मला!

पट्टी निघाल्यावर आईनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोनशेपानी वही मागवली. आठ दिवस खिडकीशी बसून पेन्सिलीनं तिनं व्याजाची तीस उदाहरणं घातली. एकोणतीस फेब्रुवारीला ठेवलेली ठेव. एका दिवसात मोडलेली ठेव. नेमक्या साठाव्या वाढदिवशी ठेवलेली ठेव. प्रत्येकापुढे उत्तर, आणि उत्तराखाली ताळा. हल्लीच्या मुलांना ताळा सांगावा लागतो. भागाकार केला की भाजकाला भागाकारानं गुणायचं, बाकी मिळवायची, आणि भाज्य परत येतं का ते पाहायचं. आलं तरच पुढचं गणित. आमच्या टेस्टांत गाळलं गेलं होतं ते नेमकं हेच.

ती तीस उदाहरणं मी कंपनीत टेस्ट म्हणून चढवली. फाईलचं नाव 'आईची वही'. पहिल्याच दिवशी त्या वहीनं प्रोग्रॅममधल्या दोन चुका धरल्या. त्या मी दुरुस्त केल्या. एकोणतीस उदाहरणं जमली. सव्विसावं काही केल्या जमेना. आईचं उत्तर आणि प्रोग्रॅमचं उत्तर यांत नव्वद रुपयांचा फरक. आईचं गणित चुकत नाही, हे माझ्या विश्वाचं पहिलं गृहीतक. तेव्हा चूक माझीच. रात्री दोनपर्यंत ओळ न् ओळ उकरली. मग नाइलाजानं कागद-पेन्सिल घेऊन स्वतः ते गणित केलं. ताळा केला. परत केला. प्रोग्रॅम बरोबर होता.

सकाळी साताऱ्याला फोन लावला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला, चाळीसेक वर्षं न चुकलेल्या माणसाला, तू चुकलीस म्हणून कसं सांगायचं? हवापाण्याचं विचारलं. डोळ्यात थेंब घातलेस का विचारलं. मग घसा साफ करून म्हटलं, "आई, ते सव्विसावं उदाहरण..."

"सापडलं का?" आई म्हणाली. "मुद्दाम चुकीचं घातलं होतं. फार वेळ लावलास!"